‘बरंय’ म्हणणाऱ्या चेहऱ्याआड

सकाळी अकराच्या सुमारास ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातली रांग दाराबाहेर गेलेली असते. बाजाराचा दिवस असेल तर ती थेट अंगणात उतरते. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, अकोले, अहिल्यानगर जिल्ह्यातला तालुका कोणताही असो, या रांगेत पन्नाशीकडे झुकलेली एक बाई हमखास असते. हातात घडी घालून मऊ पडलेला केसपेपर, सोबत आधीच्या तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या. तक्रार ठरलेली. “अंग दुखतंय, डोकं जड पडतंय, हातापायातलं बळ गेल्यासारखं झालंय. झोप नाही, जेवण गोड लागत नाही. साहेब, एक ताकदीची सुई द्या, नाहीतर सलाईन तरी लावा.”

डॉक्टर रक्तदाब मोजतात, डोळ्यांच्या खालच्या पापण्या बघतात, रक्त तपासायला पाठवतात. मागच्या चिठ्ठ्यांत सगळे जवळपास ठीक असते. मग केसपेपरवर लिहिता लिहिता, मान वर न करता, एक प्रश्न येतो. “घरी सगळं बरं आहे ना, मावशी?”

“बरंय की.” ती हसते. डॉक्टर गोळ्या लिहितात आणि पुढचा नंबर पुकारला जातो.

या ‘बरंय की’साठी आणि त्यामागच्या हसण्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे, ‘मास्किंग’. अलीकडे तो मराठी बोलण्यातही येऊ लागला आहे. महाविद्यालयातली मुले एकमेकांना सहज म्हणतात, “तो मास्किंग करतोय.” शब्द छोटा आहे, पण त्याचा अर्थ नीट समजला नाही तर माणसावर अन्याय होतो. तो वेळेवर समजला, तर कधी कधी जीव वाचतो.

एक शब्द, अनेक अर्थ

‘मास्क’ म्हणजे मुखवटा. २०२० नंतर हा शब्द खेड्यातल्या आजीलाही सांगावा लागत नाही. इंग्रजीत तो फ्रेंच आणि इटालियनमधून आला. त्याचे मूळ अरबीतल्या ‘मस्खरा’ म्हणजे विदूषक या शब्दात असावे, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. तसे असेल तर आपली ‘मस्करी’ आणि त्यांचा ‘मास्क’ एकाच घरातले निघतात. मनातले दुःख मस्करीखाली झाकणारी माणसे प्रत्येक गावात असतात, तेव्हा हे नाते जुळायला हरकत नाही.

वैद्यकशास्त्रात मास्क हा शब्द झाकले जाण्याच्या अर्थाने रोज वापरला जातो. तापाच्या गोळीने ताप उतरतो, पण जंतुसंसर्ग आत तसाच राहतो. तेव्हा ताप ‘मास्क’ झाला, असे डॉक्टर म्हणतात. दवाखान्यात मोजल्यावर रक्तदाब ठीक आणि घरी मोजल्यावर जास्त, असे काही रुग्णांत आढळते. त्याला ‘मास्क्ड हायपरटेन्शन’ म्हणतात. तो दिसत नाही म्हणून हृदयाला आणि मूत्रपिंडाला होणारा त्रास थांबत नाही. अंगदुखी, डोकेदुखी, पोटातली जळजळ यांच्याआड दडलेल्या नैराश्याला जुन्या पुस्तकांत ‘मास्क्ड डिप्रेशन’ असे नाव होते. ते नाव आता निदान म्हणून फारसे वापरत नाहीत, पण तसे रुग्ण कमी झालेले नाहीत.

मानसशास्त्रातला ‘मास्किंग’चा अर्थ थोडा पुढे जातो. आत वाटते एक आणि चेहऱ्यावर, बोलण्यात, वागण्यात दाखवायचे दुसरे, तेही सवयीने. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलामुलींच्या संदर्भात हा शब्द विशेष वापरला जातो. इतरांसारखे दिसावे म्हणून ही मुले डोळ्याला डोळा देण्याचा सराव करतात, हाताच्या हालचाली रोखून धरतात, विनोद कळला नाही तरी हसतात. शाळेत ‘शहाणी’ ठरलेली अशी मुलगी घरी आल्यावर थकून कोसळते आणि आईवडिलांना कळत नाही की हिला झाले काय.

या शब्दाच्या जवळपास मराठीत अनेक शब्द आहेत, मात्र प्रत्येकाचा रंग वेगळा आहे. ‘ढोंग’ म्हणजे दुसऱ्याला फसवून काही मिळवणे. ‘आव आणणे’ म्हणजे नसलेले दाखवणे. ‘संयम’ म्हणजे राग किंवा दुःख ओळखून, ते कधी आणि कुणाजवळ बोलायचे हे स्वतः ठरवणे. मास्किंग यांपैकी काहीच नाही. त्यात माणूस असलेले झाकतो आणि बहुधा स्वतःच्या फायद्यासाठी झाकत नाही. घरच्यांना घोर नको, लोक हसतील, कामावरून काढतील, सोयरीक मोडेल, अशा भीतीपोटी झाकतो. झाकता झाकता काहींना आपल्याला नेमके काय होते आहे, हेही कळेनासे होते. म्हणून ‘ती मास्किंग करते’ हा आरोप नाही. एखाद्याच्या डोक्यावर किती ओझे आहे, याचे ते वर्णन आहे.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. पार्किन्सनच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, पापण्या कमी लवतात आणि चेहरा मुखवट्यासारखा दिसू लागतो. घरचे म्हणतात, “बाबांना आता कशाचंच काही वाटत नाही.” बाबांना वाटत असते, पण ते चेहऱ्यावर उमटत नाही. अशा चेहऱ्याकडे बघून मनाचा अंदाज बांधू नये. चालणे मंदावले असेल, हात कापत असेल, अक्षर बारीक होत चालले असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

हसण्याच्या दोन वाटा

भावना झाकता येते याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. चेहऱ्याच्या स्नायूंना मेंदूकडून दोन वेगवेगळ्या वाटांनी आज्ञा मिळते. एक वाट इच्छेची. फोटो काढणारा ‘हसा’ म्हणाला की आपण हसतो, ते या वाटेने. दुसरी वाट भावनेची. ती मेंदूच्या खोल भागांतून येते आणि तिला आपली परवानगी लागत नाही.

या दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत हे अर्धांगवायूच्या काही रुग्णांत स्पष्ट दिसते. ‘दात दाखवा’ म्हटले की त्यांचे तोंड एका बाजूला ओढले जाते, कारण इच्छेची वाट एका बाजूला बंद पडलेली असते. पण नातू खाटेशेजारी काही गमतीचे बोलला की तोच चेहरा दोन्ही बाजूंनी छान हसतो. मेंदूच्या वेगळ्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांत याच्या बरोबर उलटे घडते. सांगितल्यावर हसू सरळ उमटते आणि मनापासून हसताना एक बाजू मागे राहते.

फ्रेंच डॉक्टर गिओम ड्यूशेन यांनी एकोणिसाव्या शतकात चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन कोणत्या स्नायूने कोणता भाव उमटतो, हे तपासले आणि १८६२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू इच्छेचे ऐकतो; डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदातच आकसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. डोळ्यांत उतरणाऱ्या हसण्याला आजही ‘ड्यूशेन हास्य’ म्हणतात. पुढच्या संशोधनात असेही दिसले की अनेकांना हा डोळ्यांचा स्नायूही मुद्दाम हलवता येतो. म्हणजे डोळेही दर वेळी खरे सांगतीलच असे नाही.

एका रुग्णाची हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयातल्या बाईची मुलाखत चित्रित केली होती. तिने डॉक्टरांना सांगितले की आता बरे वाटते, दोन दिवस घरी जाऊ द्या. सुट्टी मिळण्याआधी तिनेच कबूल केले की ती खोटे बोलली होती आणि तिला घरी जाऊन आत्महत्या करायची होती. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिसन या मानसशास्त्रज्ञांनी तो चित्रपट अगदी सावकाश फिरवून पुन्हा पुन्हा पाहिला. एका प्रश्नानंतर तिच्या चेहऱ्यावर सेकंदाच्या अंशभर तीव्र हताशा चमकून गेली होती आणि लगेच हसू आले होते. समोर बसलेल्या अनुभवी डॉक्टरांना ती दिसली नव्हती.

या गोष्टीवरून चेहरे वाचण्याचे वर्ग निघाले, पुस्तके निघाली. पण इतक्या क्षणिक छटांवरून कोण खरे बोलतो हे भरवशाने ओळखता येते, असे सिद्ध झालेले नाही. या गोष्टीचा धडा दुसराच आहे. तज्ज्ञांच्याही डोळ्यांना जे दिसले नाही, ते अखेर त्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर कळले.

दाबण्याची किंमत

‘दुःख उगाळू नये, गिळावे’ असे आपल्याकडे म्हणतात. गिळलेले जाते कुठे? जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण मुलींना दुःखी आणि विनोदी चित्रफिती दाखवल्या. काहींना सांगितले होते की काहीही वाटले तरी समोरच्याला कळू देऊ नका. त्यांचे चेहरे बऱ्यापैकी कोरे राहिले. पण दुःखी चित्रफीत पाहताना त्यांना वाटणारे दुःख तसूभरही कमी झाले नाही आणि हृदय व रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र वाढलेला दिसला. चेहरा गप्प बसला, शरीर बसले नाही.

याचा अर्थ प्रत्येक वेळी भावना लपवणे घातकच असते, असा नाही. मयताच्या घरी कुणीतरी डोळे कोरडे ठेवून तिरडीची व्यवस्था बघावीच लागते. अपघात विभागातली परिचारिका रक्त पाहून रडत बसली तर चालणार नाही. गिऱ्हाइकापुढे, प्रवाशांपुढे हसतमुख राहणे हा तर अनेकांच्या नोकरीचाच भाग असतो. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून अशा कामाला ‘भावनिक श्रम’ हे नाव दिले. श्रम म्हटले की थकवा आला आणि विश्रांतीची गरजही आली. दिवसभर घातलेला मुखवटा संध्याकाळी काढून ठेवायला एखादी जागा, एखादे माणूस असेल तर तो फारसा बाधत नाही. तशी जागाच नसेल तर दुखणे सुरू होते.

कोण कुणापासून लपवते?

आपल्या भागात अशी जागा नसलेली माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. पाथर्डी तालुक्यातून आणि आसपासच्या भागातून दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. काही घरांत पोरे आजीपाशी राहतात. पहाटे अंधारात फडात उतरायचे, मोळ्या डोक्यावर वाहायच्या आणि फोनवर पोरांना सांगायचे, “आमचं बरंय, तुम्ही नीट राहा.” पोरेही तेच सांगतात. दोन्ही टोकांना मुखवटा आणि मध्ये मोबाईल.

कर्जबाजारी शेतकऱ्याची तऱ्हा वेगळी. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे त्याच्या घराण्याने त्याला शिकवलेले असते. लग्नात मानपान नीट झाला पाहिजे, पारावर बसताना आवाज मोठा राहिला पाहिजे. पण सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. वसुलीचा माणूस दारात उभा राहिला की मूठ उघडी पडते. कर्त्या पुरुषाने रडायचे नाही हा नियम मात्र तेव्हाही सुटत नाही. मग ते दुःख रागातून, दारूतून, अबोल्यातून बाहेर पडते. बायकांचे नैराश्य अंगदुखीच्या आड आणि पुरुषांचे नैराश्य दारूच्या आड, हे चित्र सरकारी रुग्णालयांना नवीन नाही.

नव्याने नांदायला गेलेली मुलगी माहेरी कळवते, ‘सगळं छान आहे.’ स्पर्धा परीक्षेचे चौथे वर्ष चालू असलेला मुलगा गावी आला की म्हणतो, ‘या वेळी नक्की.’ बाळंतीण झालेली सून भरल्या घरात, बारशाच्या गडबडीत, हसून ओटी भरून घेते आणि रात्री भिंतीकडे तोंड करून रडते. या सगळ्यांना ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ हे शब्द लागू पडतात. इथे तोंड दाबणारा हात बऱ्याचदा स्वतःचाच असतो.

विचारले तर सांगतात

इथवर वाचून वाटेल की माणूस इतका लपवत असेल तर कुणाला कळणार कसे? या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १४ देशांतल्या प्राथमिक उपचार केंद्रांत एक मोठे सर्वेक्षण झाले. त्यात भारतातून बंगळूरचा समावेश होता. नैराश्य असलेल्या १,१४६ रुग्णांची माहिती १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६९ टक्के रुग्ण दवाखान्यात आले होते ते फक्त शारीरिक तक्रारी घेऊन. मनाबद्दल ते आपणहून काही बोलले नव्हते. पण पुढचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. थेट विचारल्यावरही उदासी वगैरे मानसिक लक्षणे नाकारणारे रुग्ण होते फक्त ११ टक्के. म्हणजे बहुतेकांनी विचारल्यावर सांगितले. तोवर कुणी नीट विचारलेच नव्हते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून (२०१५-१६) असे दिसले की भारतात मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना राहतात. याला तज्ज्ञांची कमतरता कारण आहेच. पण तज्ज्ञापर्यंत पोचण्याआधी कुणीतरी ‘बरंय की’ या उत्तरावर न थांबता दुसरा प्रश्न विचारावा लागतो आणि तो विचारायला मानसोपचारतज्ज्ञच असावे लागते असे नाही.

जामखेडने शिकवलेली गोष्ट

हा प्रश्न कुणी विचारला यावर उत्तर अवलंबून असते. खुर्चीतल्या, घाईतल्या, शहरी बोलणाऱ्या डॉक्टरपुढे मुखवटा घट्ट बसतो. शेजारच्या आळीतल्या, तेच दिवस काढलेल्या बाईपुढे तो सैल होतो. ही गोष्ट याच जिल्ह्यातल्या जामखेडने आरोग्यसेवेच्या इतर क्षेत्रांत जगाला दाखवून दिली आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिका गावांत पाठवण्याचा प्रयत्न झाला, पण बाहेरून आलेल्या परिचारिका गावात रुळल्या नाहीत. मग गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवायचे ठरले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, कित्येक दलित समाजातल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन तेच इतरांना सांगायच्या. बाळंतपण, कुपोषण, क्षयरोग, कुष्ठरोग यांवर त्यांनी केलेल्या कामाची दखल जगाने घेतली आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुष्ठरोग हा तर लपवण्याचा आजार. तो घरातल्या कोनाड्यातून उजेडात आणायला औषधाइतकाच विश्वास लागतो आणि तो घरोघरी जाणाऱ्या ओळखीच्या माणसापाशी असतो.

हेच तत्त्व मनाच्या आजारांनाही लागू पडते का, हे गोव्यात तपासले गेले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक उपचार केंद्रांत डॉक्टरांच्या जोडीला मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक नेमले. ते रुग्णांशी बोलत, आजार समजावून सांगत, पाठपुरावा करत. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशी मदत मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के बरे झाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. आज आशा कार्यकर्ती प्रत्येक गावात आहे. तिच्याकडे कामांची यादी आधीच मोठी आहे. पण कुणाच्या घरातली चूल दोन दिवस पेटलेली नाही, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळते, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रश्न कसा विचारावा?

पहिला प्रश्न ‘कसं काय, बरं आहे ना?’ हा असतो. तो खरे तर नमस्कारच आहे. त्याचे उत्तर ‘बरंय’ हेच येणार. दुसरा प्रश्न वेगळा असतो. तो विचारताना मोबाईल खाली ठेवावा, बसावे, चारचौघांत विचारू नये आणि उत्तरासाठी थांबावे. सुरुवात दिसणाऱ्या गोष्टीपासून करावी. “हल्ली तू पारावर येत नाहीस.” “जेवण कमी झालंय तुझं.” “रात्री उशिरापर्यंत जागा असतोस.” चेहऱ्यावर आरोप केला की मुखवटा घट्ट होतो; वागण्यातला बदल सांगितला की माणूस निदान ऐकतो.

नैराश्याची प्राथमिक चाचपणी करायला डॉक्टर दोन प्रश्न वापरतात आणि ते कुणालाही विचारता येतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश वाटत होते का? आणि नेहमी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना भेटावे. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असा थकवा आणि उदासी येऊ शकते. म्हणून शरीराची तपासणी आधी किंवा सोबत व्हायलाच हवी. नैराश्य निघाले तरी घाबरण्याचे कारण नाही. औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. बरे वाटले म्हणून त्या मनाने एकदम बंद मात्र करू नयेत.

सगळ्यांत अवघड प्रश्न मरणाचा. ‘असं विचारलं तर त्याच्या मनात नसलेलं यायचं,’ या भीतीने घरचे तो टाळतात. ही भीती निराधार आहे. विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही. उलट अनेकांना हायसे वाटते की कुणीतरी हे बोलायला वाट करून दिली. साध्या शब्दांत विचारावे. “जगणं नको वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?” उत्तर ‘हो’ आले तर ओरडू नये, शपथा घालू नयेत, लेकराबाळांची नावे घेऊन भावनेला हात घालू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

एक खूण विशेष लक्षात ठेवावी. कित्येक दिवस खचलेला माणूस उपचारांशिवाय, कारणाशिवाय एकाएकी शांत आणि हसरा झाला, देणीघेणी मिटवू लागला, आवडीच्या वस्तू वाटू लागला, ‘पोरांकडं बघा’ असे सहज बोलून गेला, तर ‘चला, सावरला’ म्हणून निर्धास्त होऊ नये. ती अमेरिकेतली बाईसुद्धा हसूनच सुट्टी मागत होती. अशा वेळी दुसरा प्रश्न त्याच दिवशी विचारावा. कायद्याची भीतीही बाळगू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असेच गृहीत धरले जाते. तिला शिक्षा न करता उपचार आणि पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

आणि उत्तर आलेच नाही तर? तरी प्रश्न वाया जात नाही. इथे एक दार आहे आणि ते उघडे आहे, एवढे समोरच्याला कळते. मुखवटा ओढून काढायचा नसतो. ज्याने तो घातला त्याला तो उतरवावासा वाटेल इतके सुरक्षित वातावरण द्यायचे असते. ते काम कधी एका भेटीत होते, कधी पाच भेटींत.

बाह्यरुग्ण विभागातल्या जुन्या डॉक्टरांना एक गोष्ट अनुभवाने माहीत असते. गोळ्यांची चिठ्ठी हातात घेऊन रुग्ण उठतो, दारापर्यंत जातो, पडद्याला हात लावतो आणि तिथेच थबकून मागे वळतो. “साहेब, एक सांगायचं राहिलं.” तपासणीच्या पाच मिनिटांत न आलेली खरी तक्रार त्या एका वाक्यामागून येते. रांग लांब असते, पुढचा नंबर पुकारलेला असतो. तरीही त्या क्षणी पेन खाली ठेवावे आणि म्हणावे, “बसा मावशी. सांगा.”